पेरेग्रिनचा मास्क

गटारात उतरणाऱ्या कामगारांसाठी भांडून मिळवलेल्या मास्कचा खोका काल उघडला, आणि रबराच्या वासासरशी मी सौदीतल्या दम्मामला पोचलो. आखाती युद्ध चालू होतं, मी सात वर्षांचा होतो. अब्बांच्या कंपनीने विषारी वायूपासून वाचवणारे मास्क फक्त गोऱ्यांना वाटले. आम्हाला सांगितलं, ओला टॉवेल तोंडावर धरा.

त्याच दुपारी अब्बांचे इंग्रज साहेब आमच्या दारात आले आणि स्वतःचा मास्क त्यांनी माझ्या तोंडावर चढवला. तो ढगळ होता, रबराचा उग्र वास येत होता. पट्ट्यावर शाईने त्यांचं नाव लिहिलं होतं.

"पेरेग्रिन? हे कसलं नाव, साहेब?" अब्बांनी विचारलं.

"जुनं लॅटिन. अर्थ परदेशी. इंग्लंडातही आता कुणी ठेवत नाही, पण आमच्या घरात दर पिढीत एक असतोच. माझे आजोबा पेरेग्रिन पहिल्या महायुद्धात बसऱ्याजवळ मारले गेले."

"आमच्यातही आजोबांचं नाव नातवाला देतात. पण साहेब, आता तुमचं काय?"

"टॉवेल आहे की!"

अम्मीने खरोखरच एक टॉवेल भिजवून, पिळून त्यांना दिला. तो खांद्यावर टाकून ते उन्हात निघून गेले.

गेली दहा वर्षं युनियनच्या प्रत्येक पत्रकात मी लिहीत आलो: गोऱ्यांना मास्क, आपल्याला टॉवेल. ते खरंच आहे, त्याची चीड अजून आहे. पण टॉवेल घेऊन गेलेला गोरा मी दर वेळी वगळला, कारण त्याच्यामुळे मुद्दा ढिला पडायचा. या काटछाटीचाही आता शीण येतो. त्याचं नाव पेरेग्रिन होतं.