सेक्टर दोनमधली रानचिमणी

दुर्गला पॅसेंजरमधून उतरले तेव्हा तोंडात लाल धूळ होती आणि डोक्यावर वैशाखाचे ऊन. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. माझी धाकटी बहीण शालू आणि तिचे यजमान वसंतराव सेक्टर दोनमधल्या नव्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. नागपूरच्या आमच्या शाळेला सुट्टी लागताच मी निघाले. जिकडे पाहावे तिकडे विटांचे ढीग, अर्धवट भिंती, ट्रक. शालूच्या दारापुढे मात्र मोहाचे एक जुने झाड अजून उभे होते.

तिने बासी (रात्रभर पाण्यात भिजवलेला भात) आणि कांदा वाढला. शेजारणीकडून नुकतीच शिकली होती. जेवता जेवता झाडावरून चिवचिव ऐकू आली आणि माझा हात थांबला. घरचिमणी एकच सूर ठोकत बसते. इथे सूर वरखाली होत होते, चिलप, चलप, चोलप, आणि त्यांत गोडवा होता.

"ही घरचिमणी नाही," मी म्हणाले. "रानचिमणी आहे."

"चिमणी ते चिमणी, ताई," वसंतराव हसले. "तिच्यात काय ऐकाचं?"

दुपारभर मी खिडकीत बसले. अखेर नर समोरच्या फांदीवर आला. गळ्यावर पिवळा ठिपका, खांद्यावर तांबूस पट्टा. चोचीत अळी घेऊन तो खोडातल्या ढोलीत शिरला आणि आत पिल्लांचा गलका उडाला. शालूलाही मी ऐकायला बसवले. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता, अंगणातली कोणती आणि मोहावरची कोणती, हे ती न पाहता सांगू लागली.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर आले. झाड रस्त्याच्या आखणीत येत होते. पिल्ले उडेपर्यंत थांबा, अशी मी त्यांना विनंती केली. चिमण्यांना काय तोटा आहे, असे म्हणून ते वसंतरावांना बाजूला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी वसंतरावांनी मला कारखाना दाखवायला नेले. धगधगती भट्टी पाहून मी खरोखर थक्क झाले, आणि तसे त्यांना सांगितलेही.

परतलो तर मोह आडवा पडला होता. ढोली फुटली होती. नर तारेवर बसून ओरडत होता. शालू पायरीवर बसली होती. करवत लागताच ती धावली होती, पण तुमच्या यजमानांशी बोलणे झाले आहे, असे सांगून मजुरांनी तिला परतवले होते. पाहुणीला तेवढे बाहेर घेऊन जा, असे ते बोलणे होते.

"तमाशा नको होता, ताई," वसंतराव म्हणाले. "नवी नोकरी आहे."

"मले विचारलं असतं तं मी झाडाले धरून उभी राह्यली असती," शालू म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं तुमी."

मी लगेच परत निघाले. स्टेशनपर्यंत माझा संताप उतरला नाही. देशाला पोलाद हवे, रस्ते हवेत, हे मीच वर्गात शिकवते. पण पिल्लांना पंख फुटेपर्यंत रस्ता दुसऱ्या टोकाकडून सुरू केला असता, तर कोणाचे काय अडले असते? आणि मला भट्टी दाखवली, तो पाहुणचार नव्हता, हे तर फारच झोंबले.

वसंतरावांनी माझी पेटी डब्यात चढवून दिली. नागपूरला या, असे रीतीप्रमाणे म्हणायचे होते. मी एकट्या शालूलाच म्हणाले.