कुलपातली शिकारीण

ओसाका शहरात, ताइशो भागातल्या कालव्याकाठच्या गल्लीत तोकुजी आणि हिसाए कुवाबारा या नवराबायकोचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. तोकुजी मागे भट्टी सांभाळायचा. हिसाए पुढे, पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूंच्या मधोमध उंच बैठकीवर बसायची. तिथून तिला दोन्हीकडचं ऐकू यायचं, त्यामुळे दोन्हीकडचे तिला जरा वचकून असत. कोणी साबण विसरला तर ती द्यायची, पण आधी चारचौघांत विचारायची, "डोकं तरी आणलंस ना रे?"

तिच्या अंगात एक वेगळीच विद्या होती. विळ्याला लांब साखळी, साखळीच्या टोकाला लोखंडी गोळा, असं जुन्या काळचं शस्त्र चालवायला तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं. घरात मुलगा नव्हता, म्हणून लेकीला. दर रविवारी देवळामागच्या सभागृहात ती गल्लीतल्या बायकांना ते शिकवायची. पन्नाशी उलटली तरी साखळी तिच्या हातात पाळलेल्या सापासारखी वळायची. फेकण्याआधी ती डाव्या कानाच्या पाळीला हलकेच बोट लावायची. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

नोमियामा नावाचा एक तिशीतला गृहस्थ तिथे आंघोळीला यायचा. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो चित्रं काढायचा. त्यांची 'अंधारगड' नावाची मालिका होती. पडका किल्ला, थडग्यांतून उठणारे रक्तपिपासू पिशाच, आणि चाबकानं त्यांचा फडशा पाडणारा सोनेरी केसांचा शिकारी. एक दिवस तो बैठकीसमोर घुटमळला.

"हिसाएसान, एक दिवस साखळी फिरवून दाखवाल? कॅमेऱ्यात घेतो, मग त्यावरून शिकाऱ्याच्या चाबकाच्या हालचाली काढतो."

"म्हणजे माझ्या हातांवर त्या गोऱ्या पोराचं डोकं बसवणार?"

"तसंच काहीसं."

"चालेल. निदान तो तरी देखणा दिसेल," ती म्हणाली आणि कबूल झाली.

एका रिकाम्या गोदामात दिवसभर चित्रण झालं. तिनं साखळी वर फेकली, आडवी फेकली, गुडघ्यावर बसून फेकली. शेवटी लाकडी खोक्यावरून उडी मारत फेकायची होती. ती उडी घेणार तेवढ्यात खोक्याची फळी मोडली. हिसाए खाली कोसळली आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. इस्पितळात नोमियामा तिच्या उशाशी रडवेला बसून होता. "पडलात तसा धावलो मी," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ती त्यालाच धीर देत राहिली.

कंपनीनं उपचारांचा खर्च दिला. पण गुडघा वाकेना, पाय ओढत चालावं लागे. साखळी भिंतीवर टांगली गेली आणि रविवारची शिकवणी बंद पडली. हिसाएनं कोणाला बोल लावला नाही. अपघात तो अपघात. नोमियामा मात्र हळूहळू यायचा थांबला. कामाचा व्याप असेल, असं तिला वाटलं.

दोनतीन हिवाळे गेले. एके दुपारी टॅक्सी चालवणारा शिओमी न्हाणीघर उघडायच्या आधीच दारात आला. चाळिशीचा बाप्या, पण गेमचं भलतंच वेड.

"हिसाएसान, तुम्ही गेममध्ये आहात," तो धापा टाकत म्हणाला.

"माझे हात आहेत. ठाऊक आहे मला."

"हात नाही हो. तुम्ही. अख्ख्या."

त्यानं समजावून सांगितलं. 'अंधारगड'च्या प्रत्येक भागात काही शिकारी कुलपात ठेवलेले असतात. सोनेरी केसांच्या शिकाऱ्याला घेऊन सगळा किल्ला जिंकला की दुसरा शिकारी खुला होतो, त्याला घेऊन जिंकला की तिसरा. शिओमीनं एकेकाला घेऊन किल्ला पालथा घातला होता, तेव्हा कुठे शेवटचं कुलूप उघडलं. आतून निघाली एक उतारवयाची बाई. डोक्याला पंचा, हातात साखळी.

त्यानं गेमचं यंत्र बरोबरच आणलं होतं. कपडे बदलायच्या खोलीतल्या टीव्हीला ते जोडलं. तोकुजी भट्टी सोडून आला, शेजारच्या भाजीवालीनं दुकान तसंच टाकलं.

पडद्यावर ती बाई आली आणि हिसाए बघतच राहिली. तिचेच रुंद खांदे, तिचीच मान. साखळी फेकण्याआधी त्या बाईनं डाव्या कानाला बोट लावलं.

"अगं बाई," भाजीवाली हळूच म्हणाली.

त्या बाईचे दोन्ही पाय धड होते. ती जिने चढत होती, उड्या मारत होती, पिशाचांना लोळवत होती. काही वर्षांत विसरलेलं आपलं अंग हिसाए पुन्हा पाहत होती.

"टॅक्सीपेक्षा बरी पळते," तोकुजी म्हणाला. सगळे हसले. हसण्याच्या नादात शिओमीचा हात चुकला, पिशाचानं गाठलं आणि ती बाई पडली.

डावा गुडघा आत मुडपला. उजवा हात आधाराला भिंत शोधत हवेत गेला, भिंत नव्हतीच. मान मागे झटकली आणि ती एका कुशीवर कोसळली.

गोदाम, धूळ, फळीचा कडाडा, सगळं एका क्षणात हिसाएच्या अंगावर आलं. तोकुजीनं ते पडणं कधी पाहिलं नव्हतं. पण ओळखायला त्याला सांगावं लागलं नाही.

शिओमीला काहीच कळलं नव्हतं. त्यानं पुन्हा सुरू केलं. बाई पुन्हा पडली. तोच गुडघा, तोच हात.

"बंद कर," तोकुजी म्हणाला.

"आता जिंकतो, थांबा."

"बंद कर म्हणतो ना."

हिसाए बैठकीवर जाऊन बसली. त्या संध्याकाळी कोणी साबण विसरला तरी ती एक शब्द बोलली नाही. या घटकेला किती घरांत आपण पडत असू, एवढाच विचार तिच्या डोक्यात घोळत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं कंपनीत गेले. नोमियामानं त्यांना पाहिलं आणि तो जागचा उठूच शकला नाही.

"तुम्हाला मान म्हणून घातलं," तो मान खाली घालून म्हणाला. "साहेबांना फक्त तो तरणा हवा होता. मी गुपचूप तुम्हाला शेवटच्या कुलपात ठेवलं. जो सगळ्यात जास्त झटेल त्यालाच तुम्ही भेटाल, असं."

"आणि भेटल्यावर त्यानं मला पाडायचं," हिसाए म्हणाली. "ते पडणं कुठून आणलंस?"

"कॅमेरा चालू होता. आम्ही नटांना पडायला लावलं होतं, पण कोणाचंच खरं वाटेना. तुमचं... महिनाभर तेच बघून काढत होतो. शेवटी शेवटी त्या तुम्ही आहात, हे दिसेनासंच झालं."

"मला दाखव."

"नको, हिसाएसान."

"पाय माझा मोडलाय. दाखव."

त्यानं चित्रफीत लावली. हिसाए पडली. आणि मग, ती जमिनीवर गुडघा धरून तळमळत असताना, चित्र हललं नाही. उलट सावकाश जवळ आलं. तिचा चेहरा पडदाभर मोठा झाला, तोंड उघडं, डोळे कोणाला तरी शोधणारे. बराच वेळ तसंच. मग कॅमेरा एकदम खाली गेला आणि धावणारी पावलं ऐकू आली.

"कॅमेऱ्यामागे कोण होतं?" तोकुजीनं विचारलं.

नोमियामानं चित्रफीत बंद केली. पडलात तसा धावलो म्हणणारा माणूस आधी तिचा चेहरा जवळून टिपत उभा होता.

"म्हणून तू आंघोळीला यायचा थांबलास," हिसाए म्हणाली. त्यानं मान हलवली.

तोकुजीच्या मुठी वळल्या होत्या. हिसाएनं त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं. तिला स्वतःला राग येईल असं वाटलं होतं, पण आलं ते नुसतं सुन्नपण. इस्पितळात आपण याला धीर देत होतो, एवढंच तिला आठवत राहिलं.

विकलेल्या गेम परत घेता येणार नव्हत्या. पुढच्या भागात तिला काढून टाकतो, असं साहेबांनी कमरेत वाकून सांगितलं. हिसाए नको म्हणाली.

"ती राहू दे. हरली तरी चालेल. पण तशी पडायची नाही."

मग काही दिवसांनी ती भिंतीवरची साखळी घेऊन पुन्हा कंपनीत गेली. सगळ्यांसमोर, मोडका पाय लांब ठेवून, ती भिंतीच्या आधारानं खाली बसली. वडिलांनी शिकवलं होतं तसं, हरल्यावर साखळी गोळा करून पुढ्यात ठेवायची, विळ्याचं पातं आपल्याकडे, आणि समोरच्याला वाकून नमस्कार करायचा, हे तिनं करून दाखवलं. एक मुलगी चित्रं काढत होती. नोमियामा त्या खोलीत नव्हता. त्यानं नोकरी सोडली, असं नंतर कळलं. न्हाणीघरात तो पुन्हा आला नाही. आला असता तर आत घेतलं असतं का, हे हिसाएला आजही सांगता येत नाही.

पुढचा भाग आला तेव्हा शिओमीनं पुन्हा सगळी कुलपं उघडली आणि येऊन जरा चाचरत सांगितलं, "हिसाएसान, खेळणारे नाराज आहेत. म्हणतात, म्हातारीचं हरणं आता कंटाळवाणं झालंय. पहिलं कसं खरं वाटायचं."

हिसाएनं त्याच्यापुढे कपडे ठेवायच्या कपाटाची किल्ली सरकवली.

"जा, पाणी निवतंय," ती म्हणाली.