सात वर्षं जपलेली बॅग

चष्म्याच्या कारखान्यात तिला सगळे चिंगूस म्हणत, आणि चक्क तोंडावर म्हणत. तिला राग? छे! बाई उलट खूश व्हायची. फुकटात मिळालेली पदवी कोण सोडतंय?

पदवी तिनं कमावली होती, हे मात्र खरं. दिवसाचे आठ तास दिव्यासमोर काच धरून केसाएवढा ओरखडा शोधायचा, आणि घरी येऊन टूथपेस्टची नळी कात्रीनं चिरून आणखी चार दिवस काढायचे. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा, मग आत थोरली बहीण वाचत बसलेली असली तरी. "अगं बये, मी आहे ना इथे!" ताई अंधारातून ओरडायची.

हा सगळा आटापिटा समुद्रासाठी होता. घरात दोघीच. ताईचा उभा जन्म शिलाई मशीनवर गेला, आणि समुद्र बघायचा राहिला तो राहिलाच. सात वर्षांपूर्वी धाकटीनं शब्द दिला, "मी नेते तुला." त्याच आठवड्यात तिनं चाकांची लाल बॅग घेतली. सूट होती म्हणून, नाहीतर कसली घेतेय! ताईनंही हौसेनं दोघींसाठी नवे कपडे शिवून बॅगेत ठेवले.

पण मुहूर्त काही लागेना. एका वर्षी तिकीट महागलं. मग म्हणे, रजा साठू दे, गेल्यासारखे पंधरा दिवस तरी राहू. रजा साठवायचा तर तिला नादच लागला. ताप अंगावर काढून कामावर हजर! साहेब हात जोडायचे, "बाई, घरी जा, काचांवर शिंकू नका." ही ढिम्म.

बॅग कपाटावर, प्लास्टिकच्या खोळीत. दर रविवारी ती पुसली जायची. एकदा ताई म्हणाली, "गल्लीच्या टोकापर्यंत ओढून बघू दे की!"

"आणि चाकं झिजली म्हणजे?"

यंदाही तिकिटांचे भाव बघून तिनं नाक मुरडलं. "पुढच्या वर्षी नक्की हं, ताई." ताई एवढंच म्हणाली, "मग बॅग तरी काढ. कपड्यांना ऊन दाखवू."

बॅग खाली आली, जमिनीला टेकली आणि चारही चाकांचा भुगा झाला. काळा, चिकट भुगा. चिंगूसचा पारा चढला. तशीच बॅग काखोटीला मारून ती दुरुस्तीवाल्याकडे निघाली. ताईही मागोमाग आली, वाटेत दोनदा पायऱ्यांवर टेकत.

दुरुस्तीवाल्यानं भुगा बोटांत चुरून पाहिला. "किती फिरवलीत?"

"एकदासुद्धा नाही! जिवापाड जपलीय."

"तिथंच चुकलं. ही चाकं नुसती ठेवली की आपोआप सडतात, बाई. वापरली असती तर अजून धावली असती."

"काहीतरीच काय! ऐकलंस का गं..." म्हणत ती साक्षीसाठी बहिणीकडे वळली. ताई स्टुलावर बसून दोन्ही हातांनी गुडघे दाबत होती. सात वर्षांपूर्वी हीच ताई जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. काचेवरचा केसाएवढा ओरखडा आपल्याला दिसतो, आणि हे दिसलं नाही? चिंगूसला स्वतःचीच लाज वाटली.

"नवी चाकं बसवा," ती म्हणाली.

"साधी की चांगली?"

"चांगली."

ताईनं गुडघे दाबायचे थांबवून तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज हातात घेऊन साहेब आधी खुर्चीत बसले. "कधीपासून?"

"उद्यापासून. पंधरा दिवस." तो अर्ज बघायला अख्खा विभाग जमला. एकानं तर तो दिव्यासमोर धरून तपासला.

तिकीट महागच पडलं. स्टेशनला जायला ती कुणी न सांगता दारात टॅक्सी घेऊन आली, आणि ताईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, ते पाहून घेतलं.

समुद्र दिसला तशी ताई लहान मुलीसारखी हसायला लागली. नवे कपडे घालून, धाकटीच्या खांद्याचा आधार घेत ती घोटाभर पाण्यात उतरली, आणि मोठी लाट येताना बघून सवयीनं थबकली.

"अगं, मागे चल. नवे कपडे आहेत, भिजतील."

धाकटीनं तिचा हात घट्ट धरला आणि एक पाऊल आणखी आत टाकलं.

"भिजू देत," चिंगूस म्हणाली.