कुसुमचा काळा चष्मा

परवा अकोल्यात मोठ्या भावाच्या नातीचं लग्न होतं. नवरी काळा चष्मा लावून नाचत मांडवात आली, अन् म्हातारा भाऊ टाळ्या पिटून राहिला होता.

मले माह्या लग्नाचा दिवस आठवला. अमरावतीहून म्या आणलेला असाच चष्मा लावून माही कुसुम अकोटात गाडीतून उतरली होती. अंगाले ओल्या हळदीचा वास, अन् चष्म्याखाली हसू. ह्याच भावानं तो ओढला अन् टाचेखाली चुरडला. "तमाशातली आणली का रे?" सारा मांडव हसला. काचेची ती करकर अजून कानात हाय. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरनं सांगूनही तिनं काळा चष्मा लावला नाही. यंदा ती गेली.

"बापू, वाजव ना टाळ्या! आता फॅशन हाय," भाऊ म्हणाला.

"वाजवतो ना दादा," म्या म्हटलं, "तुह्या तेरवीले."