सोळा स्वरांवरून एकावर

ऑर्केस्ट्रातले सगळे तिला वहिनीच म्हणायचे. ऑर्केस्ट्रा उभा केला तो तिनं आणि तिच्या नवऱ्यानं. तो गायचा, ती कीबोर्ड वाजवायची, आणि दहा बोटं अशी पडायची की चार माणसं वाजवताहेत असं वाटावं. नवरा गेला, कारभार धाकट्या दिराकडे आला. दीर मोठा गोडबोल्या! त्यानं जुना कीबोर्ड विकून लॅपटॉपवरचा सिंथेसायझर आणला. वहिनीपुढे राहिल्या नुसत्या पट्ट्या. आवाज निघायचा लॅपटॉपातून, आणि लॅपटॉप दिराच्या टेबलावर.

"वहिनी, मशीनवर ताण येतो हो," तो म्हणाला. "सोळा स्वर एकदम नकोत. आठवर ठेवतो."

आठ म्हणजे काय, तर नववा स्वर आला की सगळ्यात आधीचा गपकन बंद. वहिनीनं स्वर लांबवणारं पेडल दाबणं सोडलं. मग आठाचे चार झाले, तिनं डावा हात मांडीवर ठेवला. शेवटी मोनो. एका वेळी एकच स्वर, नवा आला की जुना मेला. मागची साथ दीर आधीच रेकॉर्ड करून सोडायचा. "भर कार्यक्रमात बंद पडलं तर दादाचं नाव जाईल ना?" एवढं म्हटलं की ही बाई विरघळायची. गुळानं मरते तिला विष कशाला?

ती तालमीच्या खोलीत तासन्‌तास बसायची. पुढची पट्टी दाबताना मागचं बोट अलगद उचलायचं, म्हणजे स्वर तुटल्यासारखा वाटत नाही. लोक म्हणू लागले, वहिनींचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. तिलाही ते पटू लागलं. हे सगळ्यात वाईट!

एका दुपारी दिरानं नवी मुलगी आणली, "जरा ऐकून बघू" म्हणून, आणि फोन घ्यायला बाहेर गेला. मुलीनं लॅपटॉपवर काहीतरी बदललं आणि दोन्ही हात टाकले. खोली भरून गेली.

"अगं, बंद पडेल ते!" वहिनी धावली.

"का पडेल? मी सोळावर केलंय. हा चौसष्टसुद्धा सहज ओढेल. कुणीतरी मोनोवर ठेवला होता."

दीर दारात उभा होता. "वहिनी, एकदम कसं सांगणार? भावजयीला काढलं म्हणून लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. म्हटलं, तुमचं तुम्हालाच वाटावं, आता थांबावं."

"म्हणून थोडं थोडं मारलंत, भावजी?"

मुलगी ओशाळून उठली. "वहिनी, बसा ना. तुम्हीच वाजवा."

वहिनी बसली. दाखवतेच याला, असं मनात म्हणत तिनं पहिली पट्टी दाबली, मग दुसरी. पहिलं बोट आपोआप उचललं गेलं. तिनं पुन्हा दाबल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं दात आवळले, तरी बोट राहिना.

"परत मोनो झालं का?" मुलीनं वाकून स्क्रीन बघितला.

स्क्रीनवर सोळाच होते.