मॅडमचा अंगठा

फोन आला तेव्हा मी मैदानावर फक्कीने रेषा मारत होते. यमुनाच्या वडिलांचा नंबर बघून वाटलं, पोरीला नोकरी लागली असणार, पेढ्यांचा फोन आहे. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आपली यमी राहिली नाय." मी त्यांच्यावरच ओरडले, काहीतरी काय बोलताय म्हणून. आठवड्याभराच्या तापात, डेंग्यूने, बावीस वर्षांची मुलगी गेली होती आणि तिच्या बापाने माझी बोलणी ऐकून घेतली.

त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, मॅडम, सावरा. मी सावरलेलीच आहे हो... मी चिडलेली आहे.

चौथ्या दिवशी मैदानाच्या फाटकावर फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये यमुनाचा पंधराव्या वर्षीचा, गळ्यात पदक घातलेला फोटो, खाली 'नाशिकची वाऱ्याशी स्पर्धा करणारी धावपटू'. आणि भोवती तिच्यापेक्षा मोठे सात शोकाकुल चेहरे, त्यातले दोन गॉगल लावून. या सातांपैकी एकानेही तिला गेल्या चार वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर कळलं असतं, की तिने धावणं केव्हाच सोडलं होतं. ती सॉफ्टवेअर शिकत होती, आणि कोणी विचारलं की ताठ मानेने सांगायची, "डेव्हलपर होणार हाय मी." मी घरून कात्री आणली आणि फ्लेक्स खाली उतरवला. वॉचमन घाबरला, "भाऊंना काय सांगू मॅडम?" म्हटलं, माझं नाव सांग.

पण खरं सांगायचं, तर तिला धावपटूच म्हणत बसणाऱ्यांत पहिला नंबर माझा होता.

पेठच्या पलीकडच्या पाड्यावरून ती अकराव्या वर्षी इथल्या वसतिगृहात आली. पाय असे, की बघत राहावं. आणि तोंडात सतत 'का'. बाहेरच्या लेनवालीला पुढे का उभं करता? दम लागला की कुशीतच का दुखतं? एकदा माझं जुनं स्टॉपवॉच तिने कंपासच्या टोकाने उघडलं, आत काय आहे ते बघितलं आणि परत बसवून आणून दिलं. हातात एक स्क्रू. "हा उरला मॅडम, पण चालतंय ना?" चालत होतं. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तोंड वळवून हसले.

चौदाव्या वर्षी तिने तो प्रश्न विचारला. आमच्याकडे सरावाला बंदूक नसते. बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायच्या, की पोरी सुटतात. मी शंभर मीटर लांब, शेवटच्या रेषेपाशी घड्याळ घेऊन उभी. यमुना म्हणाली, "मॅडम, तिकडं उभं राहिलं की फळ्या मिटलेल्या आधी दिसत्यात, आवाज मागून येतो. तुम्ही बटण कशावर दाबता?"

मी आवाजावर दाबायची. वीस वर्षं. डोळ्याने बघून दाबायचं असतं हे पंचांच्या शिबिरात मलाही शिकवलं होतं. पण एकीकडे बाकीच्या पोरींना ओरडत राहायचं, तर कान सोयीचा पडायचा. म्हणजे घड्याळ दर वेळी जरा उशिरा सुरू व्हायचं आणि वहीत माझ्या पोरी खऱ्यापेक्षा वेगवान दिसायच्या. हे तेव्हा मान्य करायला काय जात होतं माझं? मी म्हटलं, "पळायला आलीस की मास्तरकी करायला? मार दोन राउंड." तिने दोन्ही राउंड मारले.

पुढच्या वर्षी ती राज्य स्पर्धेला गेली. तिथे सगळा मशीनचा कारभार. माझ्या वहीत तिचा सर्वोत्तम वेळ होता बारा पॉइंट सहा. तिथे लागले बारा पॉइंट आठ. पाचवी आली. परतीच्या एसटीत, सगळ्या पोरींसमोर, मी तिला म्हटलं, "घरच्या मैदानावर वाघीण आणि बाहेर गेलं की शेळी. हातपाय गाळलेस तू." नाशिक येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

बारावीनंतर तिने येऊन सांगितलं, की कॉम्प्युटरला प्रवेश घेतलाय. मी म्हणाले, "बस खुर्चीत, बूड जड कर." वर्षभर धड बोलले नाही. ती मात्र रविवारी यायची. सेकंडहँड लॅपटॉप मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसायची. एकदा माझ्या जुन्या वह्या मागितल्या. म्हटलं, ने, रद्दीच आहे. महिन्याभराने तिने सगळ्या परत आणून ठेवल्या. मागच्या दिवाळीत तिने एक प्रोग्रॅम माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला. कॅमेऱ्याला फळ्या मिटलेल्या दिसल्या की घड्याळ आपोआप सुरू. "वापरून तर बघा मॅडम." मी म्हटलं, माझा अंगठा पुरेसा आहे. ती नुसती हसली. तिने बनवलेली पहिली पुरी वस्तू होती ती आणि मी एकदाही उघडली नाही.

शेवटच्या आठवड्यात तिची एका कंपनीची परीक्षा होती. अंगात ताप घेऊन चार दिवस ती लॅपटॉपसमोर बसून राहिली. खोलीतली मैत्रीण म्हणत होती, चल दवाखान्यात. यमुनाने तिला सांगितलं, "आमच्या मॅडम म्हणायच्या, ताप ही पळणाऱ्याची सबब असते." ते वाक्य माझंच. हजार वेळा मैदानावर फेकलेलं. माझं सगळं सोडून दिलंस गं, नेमकं एवढंच कशाला धरून ठेवलंस?

गेल्या आठवड्यात, असंच डोकं फिरलं, म्हणून तो प्रोग्रॅम पुसून टाकायला मोबाइल हातात घेतला. आत एक यादी होती. नाव : 'मॅडमचा अंगठा'. माझ्या नऊ वह्यांतला प्रत्येक आकडा तिने टाइप केला होता आणि शेजारी आवाजाला लागणारा वेळ मिळवून खरा आकडा. तिच्या बारा पॉइंट सहापुढे होतं, बारा पॉइंट नऊ. त्याखाली राज्य स्पर्धा : बारा पॉइंट आठ, मशीन, दुरुस्ती नाही.

त्या दिवशी तिने हातपाय गाळले नव्हते. त्या दिवशी ती आयुष्यातलं सगळ्यात वेगवान धावली होती आणि मी तिला शेळी म्हटलं.

यादीवर तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे. तीन वर्षं हे तिला माहीत होतं आणि ती दर रविवारी येऊन माझ्या पाया पडत होती. तोंडावर मारायचीस ना ती यादी! भांडायचंस. मी दोन राउंड मारायला सांगितले असते, मग रात्रभर तळमळले असते, मग सकाळी येऊन तुझी माफी मागितली असती. खरंच मागितली असती का, हेही आता मला कधी कळणार नाही. याचा राग कुणावर काढू?

जुनी वही काढून तिच्या पानावर मी लाल पेनाने दुरुस्ती केली आणि बारा पॉइंट आठखाली दोन रेघा ओढल्या. तिचा प्रोग्रॅम आता मैदानावर रोज चालतो. पण घड्याळ हातात असल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि इतक्या वर्षांची खोड, कान काही गप्प बसत नाही. म्हणून वेळ घेताना मी दोन्ही कानांत कापूस घालते. पोरी खिदळतात, "मॅडमना थंडी वाजतीय." खिदळू देत. मी फळ्यांकडे बघते आणि त्या मिटल्या की दाबते. मधेच एखादी पोरगी हात वर करून काही विचारायला आली, तर कापूस काढते आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत उभी राहते.