फेरीवाले काका

फेरीवाले काकांनी आयुष्यात कधी काही विकलं नाही. तरी हडपसरच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना फेरीवालेच म्हणत, आणि नव्याने राहायला आलेली माणसं पिशवी घेऊन त्यांच्या सायकलीला आडवी येत. एका नव्या सुनेने तर चक्क विचारलं होतं, "काका, मेथी आहे का?" काकांनी सायकल थांबवली, रिकाम्या कॅरिअरकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "आज नाही. पुढच्या रविवारी बघू." पुढच्या रविवारी मेथीची ताजी जुडी तिच्या दाराशी होती. ती बिचारी कितीतरी दिवस त्यांना भाजीवालेच समजत होती.

मी तरी कुठे शहाणी होते. अकोल्याहून नोकरीला आले तेव्हा टपरीवाल्याने सांगितलं, फेरीवाल्यांच्या वरची खोली रिकामी आहे. मी जाऊन थेट विचारलं, "काय विकता जी तुम्ही?"

"सध्या काही नाही. तुम्हाला काय घ्यायचं होतं?"

"खोली."

"ती विकायची नाही. राहायला देऊ."

त्या दिवसापासून मी त्यांची 'वऱ्हाडकर' झाले. काकू मला अगं-तुगं करत, पण काका शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला कधीच नीट कळलं नाही.

फेरी म्हणजे त्यांची रविवारची सायकलफेरी. काळी, जड, बिनगिअरची सायकल काढून ते पुढच्या फाटकातून बाहेर पडत आणि मांजरीच्या बाजूला शेतांत शिरत. ऊस, फुलांचे वाफे, मग ओळखीच्या तात्यांची द्राक्षबाग. बागेतून निघालं की कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता, तिथून चढ चढून वनखात्याचं रान, आणि रानातून उतरून घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या बोळात. डांबर होईल तेवढं टाळायचं आणि गेलो त्या वाटेने यायचं नाही, हा नियम. "गेल्या वाटेनेच यायचं तर जावं कशाला? गच्चीवर उभं राहून बघावं," असं ते म्हणत.

काका औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होते. नव्वद सालानंतर बाहेरून नवी यंत्रं आली, माणसं जास्त झाली आणि एक दिवस काकांच्या हातात कागद पडला. त्याबद्दल ते एवढंच बोलत, "स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी." पुढे कारखाना पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली. माझं ऑफिस नेमकं त्याच इमारतीत होतं. हे त्यांना कसं सांगावं, या विचाराने मी दोन दिवस जिन्यावरून पाय न वाजवता वरखाली करत होते. शेवटी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. आपल्या घरातलं कोणीतरी परत तिथे कामाला लागलं." आपल्या घरातलं, हे शब्द ऐकून मला एकदम रडूच आलं. घर सोडून तेव्हा मला महिनाही झाला नव्हता.

हळूहळू मीही फेरीला जाऊ लागले, त्यांच्या लेकीची जुनी लेडीज सायकल घेऊन. पहिल्याच दिवशी तात्यांच्या बागेशी मला धाप लागली. काका म्हणाले, "दमला असाल तर इथून परत जा." आता आमच्याकडे मागे फिरणं म्हणजे वापस जाणं. परत म्हणजे पुन्हा एकदा. मला वाटलं, हा माणूस पीटीच्या मास्तरांसारखी शिक्षा करतोय. मी मुकाट्याने बागेला परत एक चक्कर मारली. मांडवाखालून तात्या बघत होते. ते म्हणाले, "काका, ही पोरगी काय हुडकतीया?" मी खुलासा केला तेव्हा काका इतके हसले की सायकल तारेच्या कुंपणाला टेकवून त्यांना खाली बसावं लागलं. पुढे जेवताना काकू पोळीचा डबा हातात धरून विचारायच्या, "काय गं, परत वाढू का वापस नेऊ?"

काकू स्वतः कधी फेरीला आल्या नाहीत. पण रविवारी आम्ही यायच्या सुमाराला त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असत. हात कामात, डोळे बोळात. काका दिसले की विचारत, "आलात?" काका म्हणत, "आलो." बस, एवढंच. मला आधी ते जुन्या माणसांचं कौतुक वाटलं. मग एकदा मटार सोलता सोलता काकूंनी सांगितलं.

"कागद मिळाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सायकल घेऊन गेले. सांगून नाही गेले. दुपार झाली तरी पत्ता नाही. मी फाटकाशी उभी. कालवा जवळ, रेल्वेचे रूळ जवळ. नाही नाही ते मनात आलं बघ. शेवटी देवापाशी दिवा लावायला आत आले, तर हे मागच्या बोळातून येताना दिसले. गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीने भरलेले. कारखान्याच्या दारावरून घरी यायचं नव्हतं, म्हणून पुढे पुढेच जात राहिले म्हणे, आणि निघाले ते आपल्याच घरामागे. तेव्हापासून मी फाटकाशी उभी राहत नाही. खिडकीतच राहते."

"अजून भीती वाटते?"

"वाटते की. दिसले की जाते."

त्या दिवसानंतर बोळात वळताना मी सायकल मुद्दाम मागे ठेवू लागले. आधी काका दिसायला हवेत, हे मलाही कळलं होतं.

काही वर्षांनी माझ्या ऑफिसातल्या मुलांनाही या वाटेचा शोध लागला. जाड टायरच्या परदेशी सायकली, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना रंगीत चष्मे. त्यातल्या एकाने काकांना सांगितलं, "अंकल, धिस इज द बेस्ट ग्रॅव्हल लूप इन पुणे." काकांनी मला विचारलं, "ग्रॅव्हल म्हणजे हो काय?" मी म्हटलं, "खडी. मुरूम." काका म्हणाले, "अस्सं. म्हणजे एवढी वर्षं मी परदेशी खेळ खेळतोय आणि कोणी बोललं नाही." मग त्या मुलाची सायकल एका बोटावर उचलून बघितली आणि अलगद खाली ठेवली. "छान आहे. वाऱ्याच्या दिवशी जपा," म्हणाले.

आणि मग तात्यांनी बाग विकली. पाऊस सरल्यावर द्राक्षाच्या वेलींची जी छाटणी करतात तिला गोडी छाटणी म्हणतात. फळ धरतं ते त्या छाटणीवर. त्या सुमाराला आम्ही बागेत गेलो, तर वेली तशाच रानटी वाढलेल्या. काकांनी विचारलं, "तात्या, यंदा छाटणी नाही?"

तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "आता कशापायी छाटायची काका. दिली बाग. टावर हुनार हायेत. भिंत घालनार, मग तुमची वाट राहत न्हाय. मी बोललो त्यास्नी, आयकत न्हाईत."

"तुमची जमीन, तात्या. मी नुसता तिच्यावरून जात होतो," काका म्हणाले. तात्यांनी गळ्यातला टॉवेल काढून तोंड पुसलं.

बागेभोवती पत्रे लागले. काही रविवार त्यांच्या फटीतून निघाले. मग तिथे बिहारकडचा वॉचमन आला. "अंकल, इधर से नहीं." काका आपल्या हिंदीत म्हणाले, "हम तो इधरसेच जाता है. नया तुम है." तोही हसला आणि त्याने फट थोडी मोठी करून दिली. पण एका रविवारी गेलो तर फट नव्हती. पक्की भिंत होती, ओली. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर गेलेली. कालवा तिच्या पलीकडे, रान पलीकडे, घरामागच्या बोळात उतरणारी वाटही तिच्याच पलीकडे. काकांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "परत जाऊ."

या वेळी मला अर्थ बरोबर कळला. क्षणभर वाटलं, अकोल्याचा अर्थ खरा असता तर किती बरं झालं असतं.

आम्ही गेल्या वाटेनेच निघालो. माझ्या ऑफिसची काचेची इमारत आली. काकांनी मान वळवली नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर फाटक समोर दिसत असताना ते उतरले. "वऱ्हाडकर, जरा वळसा घालू." शाळेमागच्या गटाराच्या कडेकडेने, सायकली हातात धरून, आम्ही घराच्या मागच्या बोळात शिरलो. बोळाच्या तोंडाशी ते सायकलवर बसले, घंटी वाजवली.

"आलात?"

"आलो. रानात आज मोर होता."

"हो का?"

मी जिन्याशी त्यांना गाठलं. म्हटलं, "काकूंना सांगा ना खरं." ते गुडघा चोळत म्हणाले, "रस्ता माझा बंद झाला. तिची खिडकी चालू आहे ना." पुढे दर रविवारी ते भिंतीपर्यंत जात, परत येत आणि शाळेमागून वळसा घालून खिडकीखाली घंटी वाजवत. कधी मोर असे, कधी ससा. इतकं सरळ तोंड करून खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका आवडलेलाही नाही.

लग्न होऊन मी वारज्याला गेले. एकदा फोन आला की काका झोपेतच गेले. दिवसकार्याला जाऊन आले, पण त्या गर्दीत काकूंशी बोलणं झालं नाही. म्हणून नंतर एका रविवारी सकाळी मुद्दाम गेले. पुढच्या दाराची बेल वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग लक्षात आलं, रविवार, फेरीहून यायची वेळ. मी शाळेमागून गेले. काकू खिडकीत होत्या.

"आलीस?"

"आले."

मागचं दार उघडून त्यांनी मला आत घेतलं. काकांची सायकल तिथेच भिंतीला टेकवलेली होती. काकूंनी पदराने तिचं सीट पुसलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "शेवटची तीन-चार वर्षं टायरला तांबडी माती लागलेलीच नव्हती गं."

मी वाकून टायरवर बोट फिरवलं.

"मोर कुठला, नि ससा कुठला. कळायचं मला. पण एवढे गुडघे दुखत असताना गटाराच्या कडेने सायकल ओढत यायचे ते कोणासाठी? मग मीही विचारायची, आलात?"

चहा झाला. बराच वेळ आम्ही दोघी काकांना हसलो, मग डोळे पुसले. निघताना मी नेहमीसारखी पुढच्या दाराकडे वळले, तर काकू म्हणाल्या, "मागूनच जा." दारात त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "परत ये हं."

"परत का वापस, काकू?"

त्या हसल्या. "दोन्ही," म्हणाल्या.

बोळाच्या तोंडाशी जाऊन मी वळून पाहिलं. त्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या.